संगणकात शिरलेली बाई

"कोण आहे ही बाई? माझ्या कॉम्प्युटरमधी ही बाई घुसली कुठून?"

बाबांचा आवाज रेल्वेत घडलेला. यार्डात इंजिनाच्या शिट्टीच्या वरताण ओरडण्यात त्यांची सारी नोकरी गेली. रिटायर झाले तेव्हा इंजिन तिथेच राहिलं, आवाज तेवढा घरी आला. त्या आवाजात त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा तर फलाटावर हरवलेल्या माणसाची घोषणा व्हावी तसं वाचलं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत स्कूटर थांबल्या. खालच्या किराणा दुकानातला भैया तराजूत डाळ तशीच सोडून जिना चढून आला आणि दारातून हळूच म्हणाला, "बाबूजी, चोर है क्या?"

"चोर नहीं," बाबा म्हणाले, "औरत है."

भैया आला होता त्याच्या दुप्पट वेगानं खाली गेला. संध्याकाळपर्यंत ही बातमी सदर बाजारातल्या सोनारांच्या गाद्यांवर पोचली होती, आणि तिथे पोचेपर्यंत बाईच्या अंगावर दागिनेही चढले होते. यात मी पदरचं काही घालत नाही. घालायचं ते भैयानं घातलं होतं.

त्या बाईचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. ते कोणी घ्यायचं यावरूनच सगळा गोंधळ झाला, त्यात माझं आणखी एक तोंड कशाला. एवढंच सांगतो की आई मागच्या खोलीत मेथी निवडत बसली होती, आणि बाबांनी पहिल्यांदा ते नाव ओरडलं तेव्हा तिचा हात जुडीवर थांबला. कारण ते नाव तिचं होतं. लग्नाआधीचं. आणि घरात हे आता दोघांनाच आठवत होतं, तिला आणि मला.

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितो. बाबांनीही लिहिलं होतं. आई अमरावतीच्या मांडवात शिरली एका नावानं आणि रायपूरच्या गाडीत चढली दुसऱ्या नावानं. जुनं नाव तिकडेच राहिलं, माहेरच्या ओसरीवर, आजी-आजोबांच्या तोंडी. ते दोघं गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं, माझी मोठी मावशी. आणि मावशी पडून मांडीचं हाड मोडून घेतल्यापासून अंथरुणाला खिळली होती. दुपारी तिची सून लॅपटॉप तिच्यासमोर ठेवायची, इकडे आई आमचा संगणक लावायची, आणि दोघी बहिणी एकमेकींना बघायच्या. त्या वेळी आमच्या घरातल्या फोनवर फक्त आवाज यायचे, चेहरे नाही. तेव्हा त्या संगणकात दुपारी एकटीनं शिरता येणं, ही आईची सगळ्यात मोठी गरज होती. बाकी जग बुडालं तरी चालणार होतं.

आता त्या संगणकाविषयी. मी तेव्हा नव्या रायपुरात एका कचेरीत कॉम्प्युटरच्या कामाला होतो. तिथले रस्ते एवढे रुंद आणि बस एवढ्या कमी की एखादी बस दिसली तर माणसं हात जोडत. दिवसभर मी तिथे फ्रीजएवढाली मशिनं सांभाळायचो आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या म्हाताऱ्या डब्यासमोर बसायचो. तो माझ्या कॉलेजच्या दिवसांतला. नेहमीची विंडोज त्याच्यावर चढवली की चढणीवर दमलेल्या बैलासारखा मटकन बसायचा, म्हणून मी त्यात हलकंफुलकं लिनक्स घातलं होतं. त्याचा पंखा सुरू झाला की समोरच्या गच्चीवरची कबुतरं दुर्गच्या दिशेनं उडून जात आणि बंद झाला की परत येत. बटण दाबून माणसानं सदर बाजारात जावं, पैंजणांचा भाव करावा, सोनाराशी भांडावं, न घेता घरी यावं, तरी पडद्यावर पांढरी अक्षरं धावतच असायची.

धावून थकली की काळ्या पडद्यावर एक शब्द उरायचा, लॉगिन, आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ. तिथे नाव टाइप करायचं. मग पासवर्ड, जो टाइप करताना ठिपक्याइतकाही दिसत नाही. मग 'स्टार्टएक्स' असा मंत्र लिहायचा, तेव्हा कुठे खिडक्या, चित्रं आणि माउसचा बाण असलेलं सगळं उजळायचं. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट पाहुण्यांसमोर मी हे मुद्दाम करून दाखवायचो.

आईनं हा सगळा विधी चार दिवसांत पाठ केला. अडली ती पहिल्याच पायरीवर. मशीनवर खातं एकच होतं, बाबांच्या नावाचं. आणि आई बाबांचं नाव घेत नाही. डोहाळजेवणात, हळदीकुंकवात, कोणी फारच आग्रह केला तर उखाण्यात घेते, तेही पदर तोंडाशी धरून. रोज दुपारी कीबोर्डवर ते एकेक अक्षर बडवायचं तिच्या बोटांना जमेना.

मी म्हटलं, आई, टाइप करणं म्हणजे नाव घेणं नाही. ती म्हणाली, मग काय असते? मी म्हटलं, बँकेत सही करतेस तेव्हा लिहितेसच ना त्यांचं नाव.

"तिथं ते माझ्या नावाच्या मागं असतात," आई म्हणाली. "इथं मले त्यांच्या नावानं आत जा लागते."



मग काय व्हायचं, रोज दुपारी ती बाबांना उठवायची. बाबांची दुपारची झोप म्हणजे लूप लाइनीत टाकलेली मालगाडी. तिला हलवायचं तर वरून हुकूम लागतो. ते डोळे मिटलेलेच येऊन खुर्चीत बसत आणि नाव टाइप करत. जे टाइप करायचं ते मोठ्यानं म्हणायचं अशी त्यांची पद्धत, त्यामुळे नावाची अक्षरं गल्लीभर जात. त्यांच्यामागून पासवर्डही जायचा. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, कुत्र्यांनाही तो पाठ होता. एकदा मी बदलला, तर दुसऱ्या दिवशी भैयानं सौदा बांधता बांधता मला नवा म्हणून दाखवला.

एवढं करून ते परत झोपायला जात असते तरी भागलं असतं. पण झोपमोड झाली की बाबा खुर्ची सोडत नसत. मावशी पडद्यावर आली की तिला विचारत, तिच्याजवळच्या बडनेऱ्याला आता कोणकोणत्या गाड्या थांबतात. मावशी बिचारी वर्षभर अंथरुणातून उठली नव्हती. बाबांसमोर मावशी ते जुनं नावही घेत नसे. मग दोघी बहिणी हवापाण्याचं बोलत, गुडघ्यांचं बोलत, आणि बंद करत. जे बोलायचं ते राहून जायचं.

एका रविवारी आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बेटा, मले एकटीले आत जाता येईल असं काहीतरी कर. कोणाले न उठवता."

करायचं ठरलं. असं असतं की त्या काळ्या पडद्याऐवजी तुम्ही दारात एक माणूस उभा करू शकता. लॉगिन मॅनेजर म्हणतात त्याला. मशीन सुरू झालं की तो स्वतःहून पुढे येतो, रंगीत पडद्यावर नाव आणि पासवर्ड यांच्या चौकटी मांडतो, ओळख पटली की आतलं सगळं उजळून देतो. मंत्र नाही, तंत्र नाही. पण हे दारवान बहुतेक फार खाणारे. झालरीचा फेटा, सावल्या, सरकणारी चित्रं. त्यातला एक मी आमच्या डब्यावर उभा करून पाहिला, तर डब्यातून असा आवाज आला की मी दुसऱ्या खोलीत गेलो. शेवटी शोधून शोधून सगळ्यात हडकुळा निवडला. त्याला ना चित्र ना झालर. निळा पडदा, एक चौकट नावाची, एक पासवर्डची, बस. आमच्या घराला शोभेल असा.

आधी आईचं वेगळं खातं काढायला घेतलं. नावाच्या जागी मी सवयीनं तिचं सासरचं नाव लिहायला लागलो, दोन अक्षरं झालीही होती.

"थांब," आई म्हणाली.

तिनं बाबांच्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग मावशीच्या तोंडून मी ऐकलेलं ते नाव तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, इतकं हळू की मला पुन्हा विचारावं लागलं, आणि पुन्हा विचारल्यावर ती लाजली. साठी उलटलेली बाई, स्वतःचं नाव सांगताना लाजली. मी निमूट टाइप केलं. पासवर्डाच्या वेळी तिनं मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. तो मला आजतागायत माहीत नाही, आणि आमच्या घराच्या इतिहासात भैयाला माहीत नसलेला तो एकमेव पासवर्ड.

मग दारवानाला सांगितलं की मशीन लागताच हजर व्हायचं, आणि मशीन बंद करून पुन्हा लावलं. कबुतरं गेली. अक्षरं धावली. आणि काळ्या पडद्यातून तो निळा पडदा असा वर आला की आईनं नकळत पदर सारखा केला.

तिनं नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, एंटर मारला. पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा निळा झाला, आणि चौकटी होत्या तशा समोर. पुन्हा लिहिलं. पुन्हा काळा, पुन्हा निळा. पासवर्ड चुकला असता तर त्यानं तसं सांगितलं असतं. तो काही सांगत नव्हता. दार उघडत होता, आणि आईला पुन्हा उंबऱ्याबाहेर आणून ठेवत होता.

मी बाबांच्या नावानं जाऊन पाहिलं. पहिल्या झटक्यात आत.

आईनं हे सगळं पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. म्हणाली, जाऊ दे, त्याले पण ह्यांचंच नाव लागते.

कारण साधं होतं, पण मला सापडायला दुपार गेली. प्रत्येकाच्या खात्यात एक छोटीशी फाईल लागते, दार उघडल्यावर आत काय मांडायचं हे सांगणारी. 'स्टार्टएक्स'चा मंत्र जपता यावा म्हणून बाबांच्या खात्यात ती मी कधीच लिहून ठेवली होती. आईचं खातं कोरं. त्यामुळे दारवान तिला आत घ्यायचा, आत काहीच मांडलेलं नाही असं पाहायचा, आणि अदबीनं परत आणून सोडायचा. मी कंट्रोल-आल्ट धरून मागच्या काळ्या पडद्यावर गेलो, आईच्या खात्यात ती एका ओळीची फाईल लिहिली, परत निळ्या पडद्यावर आलो आणि म्हटलं, आता जा.

ती आत गेली. कोणाला न उठवता. बाबा तिकडे घोरत होते आणि इकडे मावशीचा चेहरा पडद्यावर उमटला. मावशीनं ते नाव घेऊन हाक मारली आणि आईनं मला मानेनंच बाहेर जायला सांगितलं. दाराआडून मी दोघींना खिदळताना ऐकलं. आई खिदळते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. कशावर ते मला कळलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्न केला नाही असं म्हणणार होतो, पण केला होता.

पुढच्या शनिवारी एक काम मी मनानंच जास्तीचं केलं. दारवानाला एक नाव आधीच सांगून ठेवता येतं, म्हणजे मशीन लागलं की नावाची चौकट भरलेलीच दिसते, नुसता पासवर्ड टाकायचा. एकच नाव बसतं त्यात. मी आईचं टाकलं. बाबांना संध्याकाळी सावकाश समजावून सांगू असा बेत होता. आणि बाबा त्या शनिवारी झोपेतून आपणच लवकर उठले.

तर बाबा ओरडत होते आणि मी धावत आलो. निळ्या पडद्यावर ते नाव, छोट्या इंग्रजी अक्षरांत. पत्रिकेवर हेच नाव छापलेलं त्यांनी स्वतःच्या हातानं वाटलं असेल. पण मधल्या काळात किती गाड्या येऊन गेल्या.

मला पाहताच त्यांचा आवाज एकदम खाली आला. हे जास्त वाईट.

"अबे पोट्ट्या," ते म्हणाले, "तुझ्या ऑफिसातली आहे काय?"

मी म्हटलं, कोण?

"मले काही समजत नाही असं समजून राहिला का तू? आम्ही तुझ्यासाठी नागपूरपर्यंत स्थळं पाहून राहिलो, अन् तू पोरीचं नाव कॉम्प्युटरमधी घालून ठेवलं. काहून लपवून राहिला? सीधं सांग. नाव तर चांगल्या घरातल्या मुलीचं दिसून राहिलं."

आता बघा माझी अवस्था. हो म्हणावं तर आईशी लग्न ठरतं. नाही म्हणावं तर कोण ते सांगावं लागतं, आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता. मी नुसता उभा राहिलो. बाबांना ती कबुली वाटली. त्यांनी मुलीचं आडनाव विचारलं, बाप कोणत्या खात्यात आहे विचारलं, रेल्वेत असला तर बोलणी सोपी जातील असंही म्हणाले. थोडा वेळ आणखी गेला असता तर मंडप ठरला असता.

आई मेथीचे हात पुसत दारात आली.

"ती मी आहे," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "तू कशी? तुझं नाव तर मी ठेवलं आहे."

"ते ठेवलेलं. हे माझं."

 बाबा खुर्चीत बसले. मग त्यांनी जे विचारलं ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकीन असं वाटलं नव्हतं. त्यांनी आईला विचारलं की आपण ठेवलेलं नाव काय वाईट आहे. लग्नाआधी महिनाभर ते डोक्यात नावं घोळवत होते म्हणे, यार्डात, गाड्यांच्या मधून चालताना. एकदा त्या नादात रूळ ओलांडायचं भान राहिलं नव्हतं. एवढ्या मेहनतीचं नाव होतं ते.

"चांगलं आहे की," आई म्हणाली. "पण तुम्ही ते एकदाच लिहिलं, तांदळात. त्या दिवसापासून नुसत्या 'अगं'वर आले. अन् त्या तांदळाचा तर दुसऱ्या दिवशी भात झाला."

मग ती माझ्याकडे वळली. काढून टाक रे ते, म्हणाली. मी उठवत जाईन यांले दुपारी. सवय आहे मले. आणि हे बोलताना तिचा आवाज असा सरळ होता की मला कीबोर्डला हात लावायची हिंमत होईना. ते नाव गेलं असतं तर दुपारही गेली असती, आणि मावशी तर किती दिवसांची सोबती होती हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

बाबांनी पडद्याकडे बोट केलं. "राहू दे," ते म्हणाले. "पण माझं कुठं गेलं?"

मी दाखवलं. हे पुसायचं, आणि तिथे तुमचं लिहायचं.

"म्हणजे मले आत जाले आधी हिचं नाव पुसा लागते?"

"हो."

"अन् हिले?"

"तिला काही नाही. तिचं तयार असतं."

दारावरच्या पाटीवर, विजेच्या बिलावर, रेशनच्या कार्डावर ज्यांचं नाव पहिलं, त्या माणसाला हे पचायला वेळ लागणारच. त्या संध्याकाळी त्यांनी पेपर वाचला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बसले. बॅकस्पेस दाबून एकेक अक्षर पुसू लागले आणि सवयीप्रमाणे जे पुसलं ते मोठ्यानं म्हणू लागले. शेवटचं अक्षर आधी. असं रोज चाललं. पहिल्या दिवशी ते अक्षरं रागानं म्हणत होते. मग नुसतीच म्हणू लागले. मग एकदा मी पाहिलं, पुसायच्या आधी ते नाव त्यांनी सरळ वाचलं, ओठातल्या ओठात, जिभेवर खडीसाखर फिरवावी तसं, आणि मी बघतोय हे कळताच खोकले.

आज तो संगणक नाही. मावशी नाही. समोरच्या गच्चीवर कबुतरंही कायमची राहायला आलीत. आईच्या हातात फोन आहे, तो तिचा चेहरा पाहून उघडतो, नाव विचारतच नाही. मला ते थोडं उद्धट वाटतं. दारात आलेल्या माणसाला निदान नाव तरी विचारावं.

त्या पुसापुशीच्या दिवसांतली एक सकाळ सांगतो आणि थांबतो. मी ऑफिसला निघण्याआधी चहा पीत होतो. बाबा आंघोळ करून बैठकीत आले. त्यांना काहीतरी हवं होतं, काय ते मला अजून ठाऊक नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड केलं, 'अगं' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. घसा साफ केला. मग त्या नावानं हाक मारली, आईच्या नावानं, इंजिनाच्या आवाजात नाही, साध्या माणसाच्या आवाजात, आणि हाक मारून माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर पाहू लागले.

आत तव्यावर पोळी टाकल्याचा आवाज आला. मग उलथण्याचा. मग आई, रोजच्याच सुरात:

"हव. पोळ्या टाकून राहिले, काय ते तिथूनच सांगा."